आत्याबाईंची पांढरी बाग

जनावरांच्या हौदात तोंड बुडवून, दातांत ठिबकची नळी धरून, तीन-तीन माणसं एका ओळीत वाकलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. हौदाच्या पलीकडं दोन म्हशी तहानलेल्या उभ्या, आणि बाजेवर बसून माझ्या सासूबाई सांगतायत, "नाकानं न्हाई, तोंडानं श्वास घे. समुद्रात नाक चालत न्हाई." हे सगळं माझ्यामुळं झालं असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. त्यात तथ्य आहे, म्हणून तर मला त्याचा जास्त राग येतो.

मी जळकोटच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. सासर तिथून जवळच्या खेड्यात, स्कूटीनं पंधरा मिनिटं. वर्गात प्रवाळाचा एक जुना तक्ता आहे. लाल, जांभळा, पिवळा, असले रंग की लग्नाच्या मांडवातसुद्धा सापडायचे नाहीत. वर्षानुवर्षं मी त्या तक्त्यावर पट्टी ठेवून सांगत आले, हे झाड नाही, दगड नाही, हा जिवंत प्राणी आहे. एके दिवशी एका मुलीनं शांतपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही बघितलंय का?" मी म्हटलं, पान उलट आणि प्रश्न लिहून घे. पण ते मला लागलं. मी समुद्रच पाहिला नव्हता. मांजरा नदी तेवढी पाहिली होती, तीही बहुतेक वेळा कोरडी.

नवऱ्याला म्हटलं, मे महिन्याच्या सुट्टीत समुद्र दाखवा. तो म्हणाला, "समुद्र काय पळून चाललाय? आधी नांगरट होऊ दे." नांगरट दरवर्षी असते. मग मी आत्याबाईंना विचारलं. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. मामंजी जाऊन वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून त्या अंगणाबाहेर पडल्या नव्हत्या. जेवताना बोलत नसत, हसत तर नसतच. सत्तरी ओलांडलेली बाई, सगळा जन्म शेत आणि चूल. मला वाटायचं, हिला काहीतरी एक दाखवावं, की ही एकदा तरी तोंडभरून बोलेल.

"आत्याबाई, चला समुद्र बघायला."

"तिथं देव कोन्ता हाय?"

"देव नाही, बाग आहे. पाण्याखाली. रंगीत."

"राखन कोन करतं?"

"कुणी नाही."

"मग कशाची बाग असंल ती," असं म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी धपाटे थापायला बसल्या. म्हणजे यायला तयार.

लातूरहून एसटीनं कोल्हापूर, तिथून मालवण. वाटेत आत्याबाईंनी सगळ्या बसला शेंगदाण्याची चटणी वाटली. कंडक्टरनं दोनदा घेतली. मालवणला किनाऱ्यावर उभं राहून त्यांनी समुद्राकडं बराच वेळ बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "एवढं पानी, अन् आपल्याकडं टँकर येऊन राहिले."  

होडीवाला चाळिशीचा, उन्हानं रापलेला, बोलायला मोजका. त्यानं आत्याबाईंना झंपर आणि विजार घालायला सुचवलं. आत्याबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं तो विषय परत काढला नाही. इरकली नऊवारी, कासोटा घट्ट, त्यावर केशरी जॅकेट, डोळ्यांवर काचेचा चष्मा आणि कपाळावर कुंकू. काच बसेना म्हणून मी कुंकू पुसा म्हटलं तर म्हणाल्या, मालक गेले तवा ज्यांनी पुसायला सांगितलं त्यांचं ऐकलं न्हाई, तुझं कशाला ऐकू. मला लई बरं वाटलं ते ऐकून.

होडी थांबली तेव्हा आत्याबाईंनी पिशवीतून खण, नारळ आणि गहू काढले. समुद्राची ओटी भरायची म्हणे. होडीवाला म्हणाला, "आजी, पाण्यात काही टाकायचं नाही. खाली ते जगतंय, त्याच्यावर पडतं." आत्याबाई विचारात पडल्या. खण-नारळ परत नेणं अशुभ. मग त्यांनी तोडगा काढला, "समुद्राच्या वतीनं तुमी घ्या." त्या रांगड्या मिशीवाल्या माणसानं आधी माझ्याकडं बघितलं, मग आकाशाकडं, आणि शेवटी आपल्या बनियनचं टोक पदरासारखं पुढं धरलं. आत्याबाईंनी खण, नारळ, ओंजळभर गहू असं सगळं रीतसर घातलं. कुंकू लावायला हात वर केला तेव्हा तो मागं सरकला आणि होडी कलली, म्हणून ते राहिलं.

मग आम्ही पाण्यात उतरलो. रबरी रिंगला धरून तोंड पाण्यात घालायचं, तोंडात नळी. मी खाली बघितलं.

पांढरं होतं. सगळं पांढरं. फांद्या, पंखे, गोळे, तक्त्यात होते तसेच आकार, पण रंग कुणी धुऊन नेलेला. चुना मारलेल्या भिंतीसारखं. मधूनच एखादा मासा फिरून जाई, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा. मी पुस्तकात विरंजन हा शब्द शिकवते. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्यातलं रंगाचं शेवाळ बाहेर टाकतो आणि उपाशी पडतो. दोन गुणांचा प्रश्न. तिथं पाण्यात तोंड घालून मला ते दोन गुण गिळवेनात.

वर आले. होडीवाला हळूच म्हणाला, "शिक्षिका ना तुम्ही? मग तुम्हाला कळलं असेल. पाणी तापलंय. अजून मेलं नाही. निवलं वेळेवर, तर रंग परत येईल. नाही तर शेवाळ धरेल आणि संपलं."

"मग माणसं आणता कशाला इथं?" मी तोडून बोलले. माझा स्वभावच तसा.

"नाही आणली तर खाऊ काय? मी नांगर टाकत नाही, त्या तरंगत्या बोयऱ्याला होडी बांधतो. एका फेरीला चार माणसं. कुणी पाय ठेवला की ओरडतो. ह्याच्यावर मला काही सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा." मग थोडा थांबून म्हणाला, "एक करा. गावाकडं जाऊन फार कौतुक करू नका. सध्या गर्दी सोसणार नाही ह्याला."

तेवढ्यात आत्याबाईंनी पाण्यातून तोंड वर काढलं, नळी थुंकून टाकली आणि सगळ्या समुद्राला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काय बाग हाय गं बाई. पांढरीशुभ्र. संगमरवराची जणू. जन्मात असं बघितलं न्हाई." आणि हसल्या. वर्षभरानंतर पहिल्यांदा.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? आत्याबाई, ते आजारी आहे, असं म्हणायचं? मी म्हटलं, हो, छान आहे.

घरी आलो तर वेशीत मारुतीपुढं बायका आरत्या घेऊन उभ्या. माझ्या चुलतदिरानं ठरवून टाकलं होतं की समुद्रस्नान झालं म्हणजे यात्रा झाली, आणि यात्रा झाली म्हणजे मावंदं घालायलाच पाहिजे. मावंदं म्हणजे यात्रेहून आलेल्या माणसाच्या हातचं गावजेवण. काशीहून आलेल्यासाठी असतं ते. मी म्हटलं, "भाऊजी, आम्ही फिरायला गेलतो." ते म्हणाले, "वहिनी, तुमी शिकलेल्या, तुमचं तुमच्यापाशी. काकू समुद्रात उतरली की न्हाई? मग." आमच्याकडं हलगी लागली की कुणाचं काही चालत नाही. आत्याबाईंचे पाय धुतले. बाटलीतून आणलेलं समुद्राचं पाणी पळीनं तीर्थ म्हणून वाटलं. खारट लागून एकेकाचं तोंड वाकडं व्हायचं, पण तीर्थाला नावं कोण ठेवणार? सगळे डोळे मिटून "वा" म्हणत होते. एका म्हाताऱ्यानं परत हात पुढं केला.

आणि पंगत उठल्यावर आत्याबाई बोलायला लागल्या. मी त्यांना चाळीस माणसांसमोर बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पांढरी बाग, पांढरे पंखे, पांढरे घुमट. दुसऱ्या दिवशी बायका परत आल्या, तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या आल्या. आठवडाभरात ती बाग वाढून महाल झाली होती. महालाला खिडक्या आल्या. एकानं मारुतीच्या पाराला पांढरा रंग दिला, समुद्रातल्यासारखा. उदगीरच्या पाहुण्यांनी फोन करून विचारलं की दर्शनाची वेळ काय असते.

मी वर्गात विरंजन शिकवणारी बाई, आणि घरी ओसरीवर विरंजनाची तारीफ चाललेली. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. आणि दर वेळी आत्याबाईंच्या तोंडाकडं बघायचे. ती बाई ताठ बसायला लागली होती. दोन भाकरी जेवत होती. सकाळी उठून केस विंचरून वाट बघायची, आज ऐकायला कोण येतंय. तेवढ्यासाठी मी खोटं बोलत राहिले. खरं तर गप्प राहिले, पण ते एकच.

मग चुलतदिरानं बस ठरवली. लातूरची, दोन मजली झोपायची बस. पेरणीच्या आधी, म्हणजे आठ दिवसांत जाऊन यायचं. "पांढऱ्या बागेचं दर्शन," असं त्यांनी पारावर फलकावर लिहिलं. चाळीस नावं झाली. आणि तयारी म्हणून जनावरांचा हौद. ठिबकच्या नळीचे तुकडे घरोघर पडलेलेच असतात. काचेचा चष्मा नाही म्हणून वेल्डिंगवाल्याचा काळा चष्मा लावून एकानं तोंड बुडवलं आणि वर येऊन सांगितलं, "काहीच दिसत न्हाई, पन शांत वाटतं." दोन दिवसांत हौदाचं पाणी असं झालं की म्हशी वास घेऊन तोंड फिरवायच्या. बोअरचं पाणी, तेही एक दिवसाआड येणारं. आमच्या गड्यानं शेवटी म्हशी दुसऱ्याच्या शेतात पाण्यावर नेल्या आणि मला म्हणाला, "मॅडम, तुमच्या समुद्रापायी आमची म्हैस परागंदा झाली."

मी हौदाशी उभी राहून बघत होते. चाळीस माणसं त्या एवढ्याशा पाण्यात तोंड घालून हे करू शकतात, तर तिकडं काय करतील? माझ्या डोक्याची शीर उठली. मी सरळ चुलतदिराच्या ओट्यावर गेले. तिथं सकाळची बैठक भरली होती, कोण वरच्या मजल्यावर झोपणार यावरून वाद चालला होता. आत्याबाई मधोमध पाटावर बसल्या होत्या, नवरीसारख्या.

मी म्हणाले, "बस रद्द करा."

"काऊन?"

"ती बाग पांढरी नसते. ती रंगीत असते. समुद्र तापला म्हणून तिचा रंग गेलाय. ती आजारी आहे. मरायला टेकली आहे. तुम्ही ज्याचं कौतुक करून राहिलात तो महाल नाही, ते दुखणं आहे."

बोलून टाकलं. आत्याबाईंकडं बघायची छाती होईना.  कुणीतरी चहाची बशी खाली ठेवली.

मग एक म्हातारा, तोच दोनदा तीर्थ घेतलेला, सावकाश म्हणाला, "आजारी हाय?"

"हो."

"लई?"

"हो."

"मग तर जायलाच पायजे की."

आणि धरण फुटलं. मी विसरले होते आपण कुठं राहतो ते. आमच्याकडं कुणी आजारी आहे म्हटलं की माणूस हातातलं औत टाकून निघतो. लातूरच्या दवाखान्यात एकाला सलाईन लावलं की तीन जिपा भरून जातात. न गेलेला माणूस वर्षभर तोंड लपवून फिरतो. "बरं असताना बघितलं न्हाई, आता मरताना तरी भेटू," असं कुणी म्हणालं. ज्यांनी नाव दिलं नव्हतं तेही उठून नाव सांगायला लागले. एक बाई म्हणाली, मी नारळपाणी घेते सोबत. पाच मिनिटांत चाळिसाची यादी सत्तरावर गेली आणि चुलतदीर फोनवर दुसऱ्या बसची चौकशी करायला लागले. मी कपाळावर हात मारून ओट्याच्या पायरीवर बसले. विज्ञान शिकवून माझी पंधरा वर्षं गेली आणि हा निकाल.

"मला ठावं होतं," आत्याबाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण सगळे थांबले.

"ते आजारी हाय ते मला तिथंच कळलं. शेतात जन्म गेला माझा. पान पांढरं पडलं म्हंजे काय, हे मला कुणी शिकवावं लागत न्हाई."

मी वर बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या.

"मालक लातूरला दवाखान्यात होते," त्या म्हणाल्या, "तवा तुमी सगळे आलता. उपकार हायेत तुमचे. रोज जीप. एक उठला की दुसरा बसायचा. कसं वाटतंय, ओळखलं का, पानी पिता का. ते सगळ्यांना हात जोडायचे. उठून बसायचे. तुमी गेल्यावर मला म्हनायचे, जरा झोपू दे गं. अन् तेवढ्यात पुढची जीप यायची. मी कुनालाच नको म्हनले न्हाई. लोक काय म्हनतील. ते तसेच गेले, झोप न घेता." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तवा म्हनले न्हाई. आता म्हनते. जाऊ नका."

 चुलतदिरानं कानाचा फोन खाली घेतला. पलीकडून बसवाला हॅलो हॅलो करत राहिला.

शेवटी बस गेली, पण माहूरला. हौद घासून काढला आणि दोन दिवसांनी म्हशी परत आल्या. पण आमचं गाव ऐकणारं नाही. भेटायला जायचं नाही म्हटल्यावर त्यांनी घरबसल्या विचारपूस सुरू केली. जळकोटच्या बाजारात भाजीवाली मेथीची जुडी बांधता बांधता विचारते, "मॅडम, तुमच्या समुद्रातल्याची तब्येत कशी हाय?" हेडमास्तरांनी सभेत विचारलं. चुलतदीर म्हणाले, "त्याला थंड पानी सोडता येत न्हाई का, वहिनी, मोटार लावून?" मी म्हटलं, भाऊजी, समुद्राला मोटार लावायची? ते गंभीरपणे म्हणाले, लाईट टिकली पाहिजे, एवढंच.

बैठक झाली त्याच दिवशी संध्याकाळी आत्याबाई ओसरीवर सुपात तूर निवडत बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले. 

"आत्याबाई, तुम्हाला तिथंच कळलं होतं, तर मग तिथं पाण्यात काय बाग हाय, काय बाग हाय काऊन म्हणालात?"

त्यांनी सूप झटकलं. "पान्यातून वर आले तवा तुझं तोंड बघितलं म्या. एवढ्या हौसेनं नेलंस मला. सुट्टी घातलीस, नवऱ्याशी भांडलीस. अन् बाग वाळून गेलेली निघाली. म्हनलं, ही आता रडंल. तर आपन हसावं."

"आणि गावात? पंधरा दिवस?"

"एकदा भारी म्हनलं की निम्म्यात कसं सोडावं? तूही तर मान हलवत होतीस."

मला रडू आलं. लाज वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम. पंधरा दिवस मला वाटत होतं की मी हिला सांभाळून राहिले आहे.

"रडू नको," त्या म्हणाल्या. "त्या होडीवाल्याला फोन लाव. पानी निवलं का इचार."

मी फोन लावला. त्यानं आत्याबाईंची चौकशी केली, खणाचं बायकोनं झंपर शिवलं म्हणाला. मग म्हणाला, पाणी अजून तसंच आहे. एका बाजूला शेवाळ धरायला लागलंय. बघू. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

"काय म्हनला?"

"बरं आहे म्हणाला. जरा रंग येतोय."

आत्याबाईंनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं.

"असंल," त्या म्हणाल्या. "येतंच असंल." आणि सूप जवळ ओढून खडे वेचायला लागल्या.